सिलिंडर सर्वात शेवटी : मढ-मार्वे पट्ट्यातल्या एका स्वयंसेवी बचाव पथकाची उभारणी

प्रकरण नमुन्याचं आहे, पण त्यातली एकही अडचण कल्पनेतली नाही. मुंबईच्या मढ-मार्वे पट्ट्यातला एक कोळीवाडा. तिथल्या मंडळातली २४ मुलं पट्टीची पोहणारी. अक्साच्या किनाऱ्यावर कुणी ओढीत, म्हणजे आत खेचणाऱ्या प्रवाहात, सापडलं की पालिकेच्या जीवरक्षकांच्या मदतीला धावणारी. एका कंपनीने सामाजिक दायित्व निधीतून १५ लाख रुपये द्यायची तयारी दाखवली आणि मंडळाने यादी केली: स्कूबाचे ६ संच, हवा भरायचा कॉम्प्रेसर, ४ ड्रायसूट, पाण्याखालचा कॅमेरा, पथकाच्या नावाचे टी-शर्ट. यादीत लाइफ जॅकेट नाही, फेकायची दोरी नाही, ऑक्सिजन नाही. टी-शर्ट मात्र आहेत, आणि तेच सगळ्यात आधी येतील.

अशी यादी होते कारण पाणबुड्या डोळ्यांत भरतो. देणगीदारालाही फोटोत सिलिंडर हवं असतं. पण यादी तपासायची ती घड्याळाने.

माणूस पाण्याखाली गेला की चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. दहा मिनिटांनंतर धडधाकट बाहेर येण्याची आशा झपाट्याने घटते आणि पंचवीस-तीस मिनिटांनंतर ती जवळपास उरत नाही. तासाभराने बाहेर काढलेली मुलं वाचल्याच्या बातम्या बर्फाळ पाण्याच्या देशांतल्या असतात. मुंबईचा समुद्र ऐन थंडीतही विशीच्या वर असतो, त्यामुळे ती सवलत इथे नाही. आता दुसरी बाजू मांडा. कुणीतरी फोन करणार, मुलं कामावरून नाहीतर घरून निघणार, खोली उघडणार, सामान रिक्षा-टेम्पोत चढवणार, वाळूतून पाण्यापर्यंत नेणार. तिथे पोहोचल्यावर सराव असलेल्या माणसालाही संच चढवून, तपासून पाण्यात उतरायला आठ-दहा मिनिटं लागतात. सगळं सुरळीत झालं तरी हिशेब अर्ध्या तासाच्या आत बसत नाही. म्हणजे या किनाऱ्यावर सिलिंडर लावून उतरणारं पथक बहुतेक वेळा मृतदेह शोधायला उतरतं. ते कामही लागतंच, घरच्यांसाठी तर फारच. पण त्याला बचाव म्हणून पैसे मागू नयेत.

जीव वाचतात ते पाण्याच्या पृष्ठभागावर, माणूस अजून हातपाय मारत असताना. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेट वेहून एलिफंटाला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाच्या बोटीची धडक बसली, तेव्हा वाचलेल्या बहुतेकांना नौदल, तटरक्षक दल, पोलीस आणि आसपासच्या बोटींनी पाण्यावरूनच उचललं. तेव्हा १५ लाखांची आमची वाटणी अशी: सुमारे ९ लाख पृष्ठभागावरच्या सामानाला, ३ लाख प्रशिक्षण, विमा आणि लसींना, उरलेले ३ लाख वर्षभर बँकेत. त्या बँकेतल्या तीन लाखांवर मंडळात भांडण होणार हे गृहीत धरा.

वरचं सामान

सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त कामाला येणारी वस्तू म्हणजे थ्रो बॅग. १८ ते २० मीटर लांब, ८ ते १० मिलिमीटर जाड, पाण्यावर तरंगणारी पॉलिप्रॉपिलीन दोरी आणि तळाशी फोम असलेली पिशवी. अशा १२ घ्या. नायलॉनची मासेमारीची दोरी चालणार नाही, ती बुडते आणि बुडणाऱ्याच्या पायात जाते. पिशवी माणसाच्या अंगावर फेकायची नसते. त्याच्या खांद्यावरून पलीकडे टाकायची, म्हणजे दोरी त्याच्या हाताशी पडते. दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून फेकणारा स्वतः ओढला जातो, म्हणून टोक मुठीत धरायचं आणि फेकून झाल्याबरोबर बसकण मारायची किंवा मागच्याने कमरेला धरायचं. पहिली फेक चुकतेच, असं समजून सराव करा. परत पिशवी भरत बसायला वेळ नसतो. दोरी ओढून घेत पायाशी सैल पडू द्यायची, पिशवीत पेलाभर पाणी घ्यायचं आणि त्या वजनावर पुन्हा फेकायची. वीस सेकंदांत दुसरी फेक १५ मीटरवर ठेवलेल्या डब्यापाशी पडली की माणूस तयार.

गोल लाइफबॉय, म्हणजे तरंगतं कडं, जेट्टीवर आणि होडीत ठेवा, वाळूवर नको. जहाजांच्या नियमांतला बॉय निदान अडीच किलोचा असतो. तो दूर जात नाही, आणि गेला तर डोक्यात बसतो.

होडीवरच्या आणि किनाऱ्यावरच्या प्रत्येक स्वयंसेवकाला स्वतःच्या मापाचं लाइफ जॅकेट आणि शिट्टी. शिवाय वाचवलेल्यांसाठी १० जॅकेटं, त्यातली ३ लहान मुलांची. पाण्यात उतरणाऱ्या ८ जणांना आखूड फिन्स (पायात घालायची वल्ही) आणि रेस्क्यू ट्यूब (तरंगणारी फोमची लांब पट्टी). अक्साची ओढ जोरात पोहणाऱ्याला दमवते, फिन्स घातलेल्याला नाही. बुडणाऱ्याला हाताने धरायचं नाही, ट्यूब पुढे करायची, त्याने ती धरली की आपण मागे राहून किनाऱ्याला समांतर सरकायचं आणि ओढीबाहेर आल्यावर वाळूकडे वळायचं. जो पट्टीचा पोहणारा सरळ किनाऱ्याकडे पोहतो तो बुडणाऱ्याबरोबर दमतो, हे कोळीवाड्यातल्या मुलांना सांगावं लागत नाही. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकांना मात्र रोज सांगावं लागतं.

बोटीचं काय? नवी रबरी बोट आणि २५ अश्वशक्तीचं इंजिन घ्यायचा मोह असतो. या प्रकरणात आमचं मत: पहिल्या वर्षी घेऊ नका. वाड्यातल्या फायबरच्या होड्या, त्यांचे तांडेल (होडीचे म्होरके) आणि कुठल्या भरतीला कुठली वाळूची पाळ वर येते याचं ज्ञान आधीच आहे. त्या दोन होड्यांशी लेखी ठरवा, इंधनाचा आणि इंजिनाच्या दुरुस्तीचा खर्च पथकाने उचलायचा. पैसे पंख्याभोवतीच्या पिंजऱ्यावर आणि माणूस वर घेण्याच्या सोयीवर घाला. होडीची कड पाण्यापासून हातभर उंच असते, आणि भिजलेला, अंग सोडलेला ७० किलोचा माणूस दोघांना वर ओढता येत नाही. त्यासाठी दीड मीटर रुंद, अडीच मीटर लांब जाड कॅनव्हास घ्या. त्याची एक लांब बाजू तीन ठिकाणी कडेला आतून पक्की बांधायची आणि दुसऱ्या बाजूला दोन दोऱ्या. कॅनव्हास पाण्यात सोडायचा, माणसाला कडेला समांतर त्याच्या झोळीत आणायचं आणि दोघांनी दोऱ्या वर ओढायच्या. माणूस गडगडत वर येतो आणि ओढायला लागतं ते अर्ध्याच वजनाइतकं. जुनं जाळं फुकट मिळतं म्हणून ते वापरू नये. बोटं आणि गुंड्या त्यात अडकतात. आणि माणूस पाच मीटरवर आला की इंजिन न्यूट्रल, कडेला लागला की बंद. अपवाद नाही.

उधाण, भांग आणि माणसांची पाळी

पथकाच्या खोलीत भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक हवं आणि त्यावर तिथी लिहिलेली हवी. मुंबईत अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, ओहोटीचं टोक सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीला पालिका इशारा देते तो याच दिवसांत. अनंत चतुर्दशी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येते, तेव्हा ती कायम उधाणातच. संध्याकाळी पाणी दूर गेलेलं असतं, लोक मूर्ती घेऊन बरेच आत चालत जातात आणि मग पाणी परत फिरतं. सहा तासांच्या चढात तिसऱ्या आणि चौथ्या तासाला निम्मं पाणी येतं. ओहोटी-भरतीत ४ मीटरचा फरक असेल तर रात्री आठ ते दहा या दोन तासांत २ मीटर. गुडघाभर पाण्यात आरती म्हणणारा माणूस तेवढ्यात डोक्यावर पाणी घेतो. पथकाचे ताजे गडी संध्याकाळी सहाला नकोत, आठला हवेत. गौरी-गणपतीचं विसर्जन अष्टमी-नवमीच्या आसपास भांगात, म्हणजे भरती-ओहोटीच्या कमी फरकाच्या दिवसांत, येतं, तिथे पाणी कमी हलतं आणि तिथली अडचण गर्दीची असते.

विसर्जनाच्या दिवसांत किनाऱ्यालगत जेलीफिश आणि पाकटं (शेपटीला काटा असलेले चपटे मासे) येतात. जाड तळाचे बूट घालायचे आणि पाय उचलून न टाकता घासत चालायचं, म्हणजे पाकट सरकतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंशांत, पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा.

माणसांची पाळी लावताना मासेमारी बंदीचं गणित विसरू नये. जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, खलाशी घरी असतात, आणि पावसाळ्यातल्या सहलींमुळे बुडण्याच्या घटनाही तेव्हाच जास्त. नारळी पौर्णिमेनंतर तेच हात समुद्रात जातात आणि दोन-तीन आठवड्यांत गणपती येतात. तेव्हा पाळ्या दोन: पावसाळी पाळी मासेमारांची, भाद्रपदातली नोकरदार मुलांची. अंधेरीत नोकरी करणारा मुलगा मंगळवारी दुपारी फोनवर हो म्हणेल, पण येणार सव्वा तासाने. फोन उचलणाऱ्यांची यादी वेगळी आणि दहा मिनिटांत किनाऱ्यावर उभं राहू शकणाऱ्यांची वेगळी ठेवा. दुसरी यादी चारच्या खाली गेली की त्या दिवशी पथक बंद आहे असं जीवरक्षकांना सकाळीच कळवायचं.

पाण्याखाली जायचंच असेल तर

वर्षभर वरचं काम नीट चाललं, तर बँकेतले ३ लाख आणि नवी देणगी मिळून पाणबुडी तुकडीचा विचार करावा. हौशी स्कूबाचं कार्ड म्हणजे शोधकामाचं प्रशिक्षण नव्हे. तारकर्लीच्या स्वच्छ पाण्यात प्रवाळ बघायला शिकलेला माणूस मनोरीच्या खाडीत उतरला की स्वतःचा हातसुद्धा दिसत नाही आणि पहिल्या पाच मिनिटांत हवा दुप्पट ओढतो. त्या कार्डानंतर काळ्या पाण्यातल्या शोधाचं वेगळं प्रशिक्षण, आणि त्याआधी काळा कागद चिकटवलेला मास्क लावून तरण तलावात सराव. जो तिथे घाबरतो त्याला वर राहून पाणबुड्याचा दोर धरायला द्या. दोरावरचा चांगला माणूस मध्यम कुवतीच्या पाणबुड्याहून मोलाचा असतो.

किमान माणसं पाच: पाण्यात एक, पूर्ण तयारीत बसलेला दुसरा पाणबुड्या, दोघांचे दोन दोरवाले आणि सगळ्यांवर नजर ठेवून वेळ-हवा लिहिणारा प्रमुख. तिसरा पाणबुड्या अर्ध्या तयारीत असला तर उत्तम. तयारीतला पाणबुड्या म्हणजे सगळं चढवून, फक्त मास्क कपाळावर. सावलीत चहा पीत बसलेला माणूस तयारीत नसतो.

हवेचा हिशेब आधीच कागदावर असावा. नेहमीचं अल्युमिनियमचं सिलिंडर ११.१ लिटरचं, भरलेलं २०० बार (बार हे दाबाचं माप). ७० बार उरले असताना वर यायचं, म्हणजे वापरायला १३० गुणिले ११.१, साधारण १,४४० लिटर. काळ्या पाण्यात काम करणारा माणूस पृष्ठभागाच्या हिशेबाने मिनिटाला ४० लिटर ओढतो. १० मीटरवर दाब दुप्पट, तेव्हा ८० लिटर. भागाकार केला की १८ मिनिटं. म्हणून बुडी १५ मिनिटांची, १० मीटरच्या खाली नाही, आणि एका माणसाला दिवसात दोनच. पाठीवर वेगळी ३ लिटरची पोनी बाटली हवी. घाबरलेल्या माणसालाही तिच्यात १० मीटरवर पाचेक मिनिटं मिळतात, आणि सुटका करून घ्यायला किंवा दुसऱ्याने पोहोचायला तेवढी लागतात. मुख्य सिलिंडरवरचा ऑक्टोपस, म्हणजे श्वास घ्यायचं दुसरं राखीव तोंड, तिची जागा घेऊ शकत नाही. मुख्य हवाच संपली तर ऑक्टोपसही संपतो.

दोर बीसीडीच्या (हवा भरून तोल सांभाळायच्या जॅकेटच्या) कडीला बांधलेला दिसला की तिथेच काम थांबवा. छातीचा हार्नेस वेगळा असतो, तो बीसीडीच्या आत घालायचा, आणि दोर त्याच्या कडीत लॉकवाल्या कॅराबिनरने. वेट बेल्ट (वजनांचा पट्टा) सगळ्यांच्या बाहेर, सर्वात शेवटी. तो हार्नेसच्या पट्ट्याखाली गेला तर संकटात सुटत नाही, आणि ही चूक घाईत इतक्या वेळा होते की दोरवाल्याने हात घालून बेल्ट तपासल्याशिवाय कुणीही उतरू नये. वजन ठरवताना सिलिंडर जवळपास रिकामं असताना बघा. आतली हवाच अडीच किलोच्या वर असते, ती गेली की अल्युमिनियमचं सिलिंडर वर ओढायला लागतं. तरण तलावात बसवलेलं वजन समुद्रात दोन-तीन किलो कमी पडतं, तेही लिहून ठेवा.

चाकू छान दिसतो, पण कामाला येते ती जाड कात्री आणि छोटा लाइन कटर. दोन्ही छातीवर, दोन्ही हातांना पोहोचतील असे. नायलॉनच्या जाळ्यावर चाकू घसरतो. विसर्जनानंतर तळाशी बांबू, सुतळी, मूर्तीच्या सांगाड्याच्या सळया पडलेल्या असतात. त्यात अडकलेल्याने मागे वळायचं नाही. आल्या वाटेने मागे सरकायचं, दोर चार वेळा ओढायचा आणि थांबायचं.

खुणा अशा ठरवा आणि बदलू नका. वरून एक ओढ: थांब, दोर ताठ कर. दोन: दिशा बदल. तीन: वर ये. चार: हलू नकोस, धोका. खालून एक: ठीक आहे. दोन: दोर सोड. तीन: सापडलं. चार आणि पुढे: मदत. दोरवाल्याने दोर इतकाच ताठ ठेवायचा की पाणबुड्याचा श्वाससुद्धा बोटांना जाणवेल. सैल दोरावरच्या ओढी पोहोचत नाहीत आणि फार ताठ दोर पाणबुड्याला तो शोधत असलेल्या कमानीवरून आत खेचतो. दोराला दर ३ मीटरवर रंगीत पट्टी आणि दर १५ मीटरवर दुहेरी पट्टी मारली की किती बाहेर आहे ते न मोजता कळतं.

किती शोधायचं हे वरच ठरतं

दोरवाला एका जागी उभा, पाणबुड्या कमानीत फिरतो, प्रत्येक फेरीला दोर पाऊण मीटर सुटतो. पाणबुड्या मिनिटाला ६ मीटर सरकतो असं धरलं, तर मिनिटाला साडेचार चौरस मीटर तळ हाताखालून जातो. "तिकडे कुठेतरी, दहा ते तीस मीटरवर" एवढ्याच माहितीवर काटकोनातला तो तुकडा ६२८ चौरस मीटरचा होतो: १४० मिनिटं, नऊ-दहा बुड्या, म्हणजे पाच पाणबुड्यांचा पूर्ण दिवस. तेच दोन साक्षीदारांच्या रेषा छेदून जागा १० बाय १० मीटरवर आणली, तर २२ मिनिटं. दोन बुड्या.

म्हणून पहिला माणूस पाण्यात नाही, साक्षीदारांकडे जातो. प्रत्येकाला वेगळं घ्यायचं. इतरांसमोर विचारलं की पहिला बोलेल तेच सगळे बोलतात. "दादा, तुम्ही तेव्हा उभे होता तिथेच चला" असं म्हणून त्या जागी न्यायचं, आणि बोट दाखवायला न सांगता एकाला हळूहळू पोहत पाठवायचं. "आणखी पुढे का? डावीकडे?" साक्षीदार थांबवेल तिथे बोया. पाण्यातलं अंतर डोळ्याला कमी वाटतं, पण ओळखीच्या आकाराचं डोकं समोर असलं की अंदाज सुधारतो. जवळचा एखादा दगड आणि त्यापलीकडचा दूरचा मनोरा एका रेषेत, अशी खूण लिहून घ्यायची. खोल समुद्रात जाळ्याची जागा परत शोधायला तांडेल हेच करतो, तेव्हा हे काम त्याच्याकडे द्या.

साचलेल्या पाण्यात, खाणीत, तलावात, बुडालेला माणूस जवळपास सरळ खाली जातो. तळावरचं अंतर खोलीपेक्षा फार जास्त नसतं. प्रवाहात तसं नाही, तिथे पहिली बुडी भरती-ओहोटीच्या सांध्यावरच, पाणी थांबलेलं असताना. उधाणात तो सांधा फार छोटा असतो. गळ टाकून शोधायची जुनी रीत आहे. ती पाणबुड्या पाण्यात असताना अजिबात चालणार नाही.

कुठे उतरायचं नाही हेही कागदावर हवं, कारण किनाऱ्यावर रडणाऱ्या घरच्यांसमोर नाही म्हणता येत नाही. नाले आणि मिठी नदी: सांडपाणी, आणि पावसात पाणी कुठून येईल ते कळत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. पवई आणि विहार: मगरी, शिवाय वनखातं आणि पालिका. विहिरी: विषारी वायू असतो, ते अग्निशमन दलाचं काम. रात्र. आणि चालू इंजिनाच्या बोटीवरून दोर बांधून कधीच नाही.

हवा भरण्याचा कॉम्प्रेसर पहिल्या यादीत होता. घेऊ नका. मिनिटाला १०० लिटरच्या छोट्या कॉम्प्रेसरवर एक सिलिंडर भरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात हा प्रश्न नाही. मुंबईच्या दमट हवेत त्याचा फिल्टर लवकर पाण्याने भरतो, आणि इंजिनाचा धूर आत ओढला गेला तर कार्बन मोनॉक्साइड सिलिंडरमध्ये जातं, ज्याला वास नसतो आणि खोल पाण्यात त्याचा परिणाम वाढतो. गोदीत काम करणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांकडून भरून घ्या आणि हवेच्या तपासणीचा कागद मागा. सिलिंडरवर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती उलटलेलं सिलिंडर फुकट मिळालं तरी नको. वर्षातून एकदा आतून नजरतपासणी.

बाहेर काढल्यावर

पोटावर दाबणं, उलटं धरून गरगर फिरवणं, पाणी काढायचा हट्ट: हे सगळं वेळ घालवणं आहे. श्वास नसेल तर आधी ५ श्वास, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास, हाच क्रम थांबवायचा नाही. बुडालेल्याला हवा मिळालेली नसते, म्हणून नुसते दाब पुरत नाहीत. तोंडाला फेस येत राहतो, तो पुसत बसू नये. अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि बी टाइप ऑक्सिजन सिलिंडर सोबत हवं. ते मिनिटाला १५ लिटरने दीडेक तास पुरतं, आणि विसर्जनाच्या गर्दीत मढहून रुग्णालय गाठायला तेवढं लागू शकतं. एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) असेल तर छाती कोरडी करून पट्ट्या. शुद्धीवर आलेल्यालाही १०८ ने पाठवायचं. पाणी गेलेली फुप्फुसं काही तासांनी बिघडतात, आणि "मी ठीक आहे" म्हणत रिक्षाने घरी गेलेला माणूस रात्री धापा टाकत असतो.

पाणबुड्याने श्वास रोखून दीड-दोन मीटर वर आलं तरी फुप्फुस फाटू शकतं. वर आल्यावर बेशुद्ध, अर्धांग, छातीत दुखणं यातलं काहीही दिसलं तर आडवं झोपवून पूर्ण ऑक्सिजन. दाबकक्षाची, म्हणजे वाढीव दाबात उपचार करायच्या कक्षाची, सोय कुलाब्यात नौदलाच्या अश्विनी रुग्णालयाच्या परिसरात आहे. मढ ते कुलाबा म्हणजे अख्खी मुंबई ओलांडणं. त्या वाटेवरच्या वेळेचा हिशेब पहिल्या बुडीआधी करावा. तुकडीतल्या प्रत्येकाची धनुर्वात, हिपॅटायटिस आणि टायफॉइडची लस, आणि पावसाळ्यात उतरल्यावर लेप्टोच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांचा सल्ला. दम्याचा, कानाचा पडदा फाटलेला माणूस वरच.

मृतदेह सापडला तर पोलिसांशिवाय पंचनामा नाही. किती वाजता, किती खोलीवर, कुठल्या खुणांवर, अंगावर काय होतं, हे प्रमुखाने तिथेच लिहायचं. फोटो, मोबाइलवरचा व्हिडिओ, गटावर टाकणं बंद. १९१६ वर पालिकेच्या आपत्ती कक्षाला, १०१ वर अग्निशमन दलाला, समुद्रात आत असेल तर १५५४ वर तटरक्षक दलाला आणि पोलिसांसाठी ११२ ला पथकाने स्वतः कळवायचं. ज्या क्षणी अग्निशमन दल पोहोचतं, त्या क्षणापासून आदेश त्यांचा. मंडळाचा अध्यक्ष वयाने मोठा असला तरी.

खारं पाणी सामानाला वर्षभरात खातं. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाला देणारा भाग) गोड्या पाण्यात बुडवताना डस्ट कॅप बसवलेली हवी आणि हवा सोडायचं पर्जचं बटण दाबायचं नाही, नाहीतर पाणी आत जातं. सिलिंडरच्या तळाची रबरी टोपी काढून धुवायची, तिच्याखालीच मीठ साचतं. सिलिंडर पूर्ण रिकामं ठेवायचं नाही, २०-३० बार ठेवायचे. खोलीला खिडकी हवी. पावसाळ्यात बंद खोलीत हार्नेसच्या पट्ट्यांवर बुरशी येते आणि उन्हात वाळवलेली जॅकेटं कापडाने जातात, सावलीत वाळवा.

शेवटची गोष्ट विम्याची, आणि मंडळं ती शेवटीच काढतात. नेहमीच्या गट अपघात विम्यात धोकादायक खेळ वगळलेले असतात आणि स्कूबा त्यातच धरतात. रस्त्यावर अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात मिळणारं संरक्षण बुडणाऱ्याला वाचवणाऱ्याला लागू होत नाही, ते होतं असा गैरसमज पसरलेला आहे. विमा कंपनीकडून "स्वयंसेवी जलबचाव आणि दोरबंद पाणबुडी" अशी ओळ पॉलिसीत छापून घ्या, फोनवरच्या आश्वासनावर राहू नका. ती ओळ येईपर्यंत पाणबुडी तुकडीचा एकही माणूस सरावालासुद्धा उतरवू नये. वरचं पथक मात्र चालू राहू शकतं, त्याच्या जोखमीचा विमा साध्या अटींवर मिळतो. अटींचं पान मात्र स्वतः वाचावं, एजंटला वाचायला देऊ नये.